रोटरी इंजिनाचे तेल आणि आपला उन्हाळा

विदर्भात 'कूलर' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर पत्र्याचा चौकोनी डबा येतो. तीन बाजूंना ताट्या, आत पंखा, तळाशी पाणी आणि पाण्यात गुरगुरणारी छोटी मोटर. त्यामुळे काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या फिनिक्सहून माझा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, गाडीचा कूलर बदलावा म्हणतो. तुम्हाला काय वाटते?" तेव्हा मी त्याला विचारले, "का रे बाप्पा, गाडीत एसी नाही काय?"

तो हसला. त्याला ऑइल कूलर म्हणायचे होते. गाडी होती १९८४ सालची माझदा आरएक्स-७. दोन माणसांची, बुटकी, उघडझाप करणाऱ्या दिव्यांची स्पोर्ट्स कार. तिने ती हौसेने जुन्या बाजारातून घेतली नव्हती, त्याने घेतली होती. सुनबाईचा मात्र तिच्यावर राग होता, कारण सकाळी गाडी सुरू केली की मागून निळा धूर निघे आणि उन्हाळ्यात डोंगर चढताना तेलाचा दाब उतरे. आधीच्या मालकाने एकदा इंजिन उघडून घेतले होते. दुसऱ्यांदा उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीएवढा होता. म्हणजे प्रश्न हौसेचा असला तरी इंजिन वाचते की जाते, असा होता.

मी इंजिनिअर नाही. आमगावच्या राईस मिलमधली इंजिने दुरुस्त करता करता जे शिकलो ते, आणि पुढे जुनी पुस्तके, कारखान्यांच्या मॅन्युअली वाचून जे जमवले ते, एवढीच माझी शिदोरी. रोटरी इंजिन मी तोवर फक्त चित्रात पाहिले होते. त्या फोनमुळे मी या विषयात शिरलो आणि दोन वर्षे त्यातच होतो. त्या अभ्यासाचे सार वाचकांपुढे ठेवतो.

त्रिकोणाचे इंजिन

आपल्या ओळखीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि क्रँक त्या वरखाली होण्याचे फिरण्यात रूपांतर करतो. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) यांना मुळात फिरणारेच इंजिन हवे होते. वांकेल यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. हायडेलबर्गला एका प्रकाशनसंस्थेत नोकरी करता करता त्यांनी यंत्रांचा अभ्यास केला. एनएसयू या कंपनीत त्यांच्या कल्पनेचे पहिले इंजिन फेब्रुवारी १९५७ मध्ये चालले. त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के यांनी ते सोपे करून आजचे रूप दिले. १९६४ मध्ये एनएसयूची 'स्पायडर' ही गाडी आली आणि मे १९६७ मध्ये जपानच्या माझदाने दोन रोटरची 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आणली.

या इंजिनात सिलिंडर नाही. मधे किंचित आवळलेल्या लंबगोल आकाराचे एक घर आहे, त्याला हाउसिंग म्हणतात. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, तो रोटर. रोटरची तिन्ही टोके सतत घराच्या भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. रोटर फिरतो तसे हे कप्पे लहानमोठे होतात आणि प्रत्येक कप्पा हवा घेणे, दाबणे, पेटणे, धूर सोडणे ही चारही कामे एका फेरीत उरकतो. रोटरच्या पोटातून एक्सेंट्रिक शाफ्ट जातो. रोटरची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या तीन होतात. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरमागे एक स्फोट. शाफ्ट मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एका रोटरवर सेकंदाला १०० स्फोट.

झडपा नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही, थरथर फार कमी. भाच्याच्या गाडीतले '१२ए' इंजिन कागदावर अवघे ११४६ सीसीचे, प्रत्येक रोटरला ५७३ सीसी. हाच या इंजिनाचा मोह आहे. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

तेलाचे दुसरे काम

पिस्टनच्या इंजिनात एकाच जागी थंड हवाही येते आणि स्फोटही होतो, त्यामुळे सिलिंडरला अधूनमधून उसंत मिळते. रोटरी इंजिनात स्फोट नेहमी घराच्या एकाच बाजूला होतो. ती बाजू कायम तापलेली आणि हवा घेण्याची बाजू कायम त्या मानाने गार. घराच्या भिंतीतून पाणी फिरवून ही उष्णता काढता येते आणि माझदा तेच करते.

पण रोटरचे काय? तीनही अंगांनी आग झेलणारा तो बिडाचा गोळा घराच्या आत फिरतो आहे. त्याच्यापर्यंत पाण्याची नळी नेणे व्यवहारात शक्य नाही. तिथे पोहोचते ते फक्त तेल. शाफ्ट आतून पोकळ असतो. त्यातून तेल दाबाने येते, बारीक जेटमधून रोटरच्या पोटात उडते, रोटरच्या वेड्यावाकड्या गतीने ताक घुसळावे तसे घुसळले जाते आणि उष्णता घेऊन खाली तेलाच्या टाकीत पडते.

म्हणून रोटरी इंजिनात तेल हे केवळ वंगण राहत नाही. रोटरपुरते तेच रेडिएटरचे पाणी असते. इंजिनातून बाहेर काढायच्या एकूण उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश वाटा तेलाकडे येतो, असे या क्षेत्रातले लोक धरतात. पिस्टनच्या साध्या गाडीत ऑइल कूलर नसला तरी बहुधा चालून जाते. इथे तो इंजिनाचाच एक अवयव आहे. सुझुकीने १९७४ मध्ये 'आरई-५' ही रोटरी मोटरसायकल आणली, तिलाही पाण्याच्या रेडिएटरखाली तेलाचा वेगळा कूलर होता. इंग्लंडच्या नॉर्टनने दुसरा मार्ग काढला. इंजिनात जाणारी हवाच आधी रोटरच्या पोटातून नेऊन त्यांनी रोटर गार केला. पण त्यात हवा तापते आणि ताकद थोडी घटते.

तेल फार तापले तर काय होते? रोटरच्या दोन्ही अंगांना तेल अडवणाऱ्या कड्या असतात, एका रोटरला चार. त्या कड्यांच्या खाली रबराचे ओ-रिंग असतात. वारंवार तापून हे रबर कडक झाले की तेल जळण्याच्या कप्प्यात झिरपते. भाच्याच्या गाडीचा सकाळचा निळा धूर हाच असावा, असे मला वाटले. दुसरीकडे तेल पातळ होते, दाब उतरतो आणि बेअरिंगला धोका होतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत तेल १०० अंशांच्या आसपासच ठेवावे, असे जुने रोटरीवाले सांगतात.

नगरचा धागा

हे सगळे परदेशातले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटू शकेल. संबंध आहे आणि तो महाराष्ट्रातूनच जातो. भारतीय लष्करासाठी 'निशांत' हे वैमानिकरहित विमान बनवले गेले. त्यात सुरुवातीला परदेशी वांकेल इंजिन होते. हलके, कमी थरथरणारे इंजिन कॅमेरा वाहून नेणाऱ्या लहान विमानाला सोयीचे असते. त्या जागी देशी इंजिन बनवण्याचे काम तीन संस्थांनी मिळून केले. इंजिनाचा गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने (एनएएल) तयार केला. प्रज्वलन आणि इंधन यांसारख्या बाजूच्या यंत्रणा अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन व विकास आस्थापनेने (व्हीआरडीई) केल्या. विमान बंगळूरच्या वैमानिकी विकास आस्थापनेचे (एडीई). एप्रिल २००९ मध्ये कर्नाटकात कोलारजवळ या इंजिनावर निशांतचे उड्डाण झाले. एका रोटरचे ५५ अश्वशक्तीचे हे इंजिन सुमारे ३० किलो वजनाचे आहे.

त्याच्या घराच्या आतल्या भिंतीला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा मुलामा आहे. या जातीचा मुलामा साठच्या दशकात जर्मनीत वांकेल इंजिनासाठीच पुढे आला आणि नंतर तो मोटरसायकलींच्या सिलिंडरपर्यंत पोहोचला. उष्णता आणि घर्षण यांच्याशी रोटरीची झुंज चालू होती, तिचा फायदा इतर इंजिनांनाही झाला, तो असा.

मधमाशांचे पोळे

आता भाच्याच्या गाडीकडे वळतो. आरएक्स-७ची पहिली पिढी १९७८ ते १९८५ या काळात बनली. सुरुवातीच्या गाड्यांना पुढे, रेडिएटरजवळ, हवेने गार होणारा तेलाचा कूलर होता. १९८३ पासून १२ए इंजिनाच्या गाड्यांमध्ये तो काढून तेलाच्या फिल्टरपाशी पाण्याने गार होणारा एक छोटा गोल कूलर बसवला गेला. त्याच्या आकारामुळे लोक त्याला मधमाशांचे पोळे म्हणतात. एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने रेडिएटरचे पाणी आणि मधे पातळ धातू.

हे पोळे वाईट नाही. थंड देशात पाणी लवकर तापते आणि तेलालाही लवकर ऊब देते. लांब नळ्या नाहीत, रस्त्यावरचा दगड लागून फुटण्याची भीती नाही. पण त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली, ज्या पाण्याने तेल गार करायचे ते पाणीच ८०–९० अंशांचे असेल, तर तेल त्याच्या खाली कधीच जाणार नाही, थोडे वरच राहील. दुसरी, तेलाची सगळी उष्णता शेवटी त्याच एका रेडिएटरवर पडते. चढावर रेडिएटर दमला की पाणी आणि तेल दोघेही एकदम तापतात. एकाला दुसऱ्याचा आधार राहत नाही.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, १९८४-८५ मध्ये त्याच गाडीचे मोठ्या '१३बी' इंजिनाचे मॉडेल निघाले, त्याला माझदाने पुन्हा पुढचा हवेचा कूलरच दिला.

उन्हाळ्याचे गणित

गणित करून पाहू. समजा इंजिनातून मिनिटाला ३० लिटर तेल फिरते आणि कूलरमधून जाताना ते १५ अंश उतरावे अशी आपली इच्छा आहे. ३० लिटर तेल म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलो. एक किलो तेल एक अंश उतरवायला सुमारे २.१ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. हिशेब केला तर सुमारे १३.४ किलोवॅट येतात, म्हणजे १८ अश्वशक्ती. आमच्या भागातला भाताचा हलर चालेल एवढी ताकद नुसत्या उष्णतेच्या रूपात त्या छोट्या जाळीतून बाहेर जायला हवी. ती वाहून नेणारी हवा ३० अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला सुमारे ४०० लिटर हवा लागते. ती जाळीच्या आजूबाजूने निसटून उपयोग नाही, पंख्यांच्या आरपार गेली पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. कूलर किती उष्णता टाकतो, हे तेल आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. तेल ९५ अंशांवर ठेवायचे आहे. बाहेर २५ अंश असतील तर फरक ७०. मे महिन्यात आमच्याकडे किंवा जूनमध्ये फिनिक्सला ४५ अंश असतील तर फरक फक्त ५०. गाडी तीच, कूलर तोच, पण त्याची ताकद जवळजवळ तीन दशांशाने कमी झाली. त्यातच पुढे एसीची जाळी असेल आणि तिने हवा आणखी १० अंश तापवली, तर फरक ४० उरतो, म्हणजे ताकद निम्म्याच्या थोडी वर.

आपल्या घरच्या कूलरचा अनुभव आठवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो खोली गार करतो. पाऊस सुरू झाला की तोच पंखा, त्याच ताट्या, तेच पाणी, पण अंगाला चिकचिक. यंत्र बिघडलेले नसते, बाहेरची हवा बदललेली असते. गाडीच्या कूलरला ओलाव्याने फारसा फरक पडत नाही, त्याचे शत्रुत्व तापमानाशी आहे. पण कूलरचा मोठेपणा त्याच्या अंगात नसून बाहेरच्या हवेशी असलेल्या फरकात असतो, हे दोन्हींकडे सारखेच.

माझी जुनी चूक

हे सगळे कळल्यावर भाचा म्हणाला, "मग मोठ्यात मोठा कूलर मागवतो." मी त्याला थांबवले आणि माझी गोष्ट सांगितली.

पंचविशीत असताना, विजेच्या भारनियमनाच्या दिवसांत, आमची मिल डिझेल इंजिनावर चालायची. उन्हाळ्यात ते फार तापे. मी भंगारातून एक मोठी जाळी आणली आणि तेलाच्या वाटेत जोडली. नळी मिळाली ती बारीक होती, तीच लावली. पहिल्या दिवशी तेल गार राहिले म्हणून मी खूश झालो. दाबाचे गेज आधीपासून बंद पडलेले होते, ते बदलायचे मला सुचले नाही. चौथ्या दिवशी बेअरिंग चिकटले. हंगामाच्या तोंडावर मिल तीन आठवडे बंद राहिली आणि वडील माझ्याशी तेवढे दिवस बोलले नाहीत. ते बेअरिंग मी अजून ठेवले आहे.

चूक जाळीत नव्हती. तेल गार करण्याच्या नादात मी तेलाची वाट अरुंद केली होती. आरएक्स-७ मध्ये तर पंपातून निघालेले सगळेच तेल आधी कूलरमध्ये, मग फिल्टरमध्ये आणि मग बेअरिंगकडे जाते. वाटेत एक बारीक नळी किंवा एक काटकोनी जोड बसवला तर त्याचा दंड सगळ्या इंजिनाला भरावा लागतो.

दुसरी बाजूही आहे. तेल फार गार राहणेही बरे नाही. २०डब्ल्यू-५० जातीचे तेल ४० अंशांना १०० अंशांच्या सुमारे नऊ पट दाट असते. दाट तेल कूलरच्या बारीक नळ्यांतून जाताना अडते. शिवाय रोटरी इंजिनात थोडे पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते, ती उडून जायला तेल चांगले तापावे लागते. म्हणून कूलरला थर्मोस्टॅटची झडप हवी. तेल तापेपर्यंत ती त्याला जवळच्या वाटेने पाठवते आणि तापल्यावर जाळीत सोडते. माझदाच्या मूळ पुढच्या कूलरमध्ये अशी सोय होती. बाजारातल्या पुष्कळशा चकचकीत कूलरमध्ये ती नसते, वेगळी घ्यावी लागते.

बदल कसा केला

आम्ही ठरवले की आधी मोजायचे. भाच्याने तेलाच्या तापमानाचे आणि दाबाचे वेगळे गेज बसवले. गाडीतले मूळ तापमानाचे गेज पाण्याचे असते, ते रोटरची खबर देत नाही. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे जाणारा रस्ता समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आतून दोन हजार मीटरच्या वर चढतो. तिथे ४० अंशांच्या उन्हात त्याने वहीत नोंदी घेतल्या. चढावर तेल ११८ पर्यंत गेले.

दुसरी पायरी बिनखर्चाची. रेडिएटरच्या जाळीतली माती आणि किडे धुतले. पंख्याभोवतीचे फुटलेले कवच बदलले. गाडीच्या पोटाखालचा पत्रा आधीच्या मालकाने काढून टाकला होता, तो परत लावला, कारण त्याच्यामुळेच समोरची हवा खाली न निसटता जाळीत शिरते. जाळीच्या कडेच्या फटी फोमने बंद केल्या. एवढ्याने सहा अंश उतरले. खर्च एका जेवणाचा.

तिसऱ्या पायरीला त्याने पोळे काढले आणि मोडीत निघालेल्या एका जुन्या आरएक्स-७चा पुढचा कूलर बसवला. म्हणजे ज्याला आपण सुधारणा म्हणतो ती प्रत्यक्षात त्याच कारखान्याच्या आधीच्या पद्धतीकडे परत जाणे होते. जुना कूलर वापरताना एक धोका असतो. आधीच्या गाडीचे इंजिन बेअरिंग खाऊन गेले असेल तर धातूचा चुरा जाळीत अडकलेला असतो आणि तो नव्या घरी येतो. म्हणून त्याने तो पुन्हापुन्हा उलटसुलट धुतला, बाहेर पडणारे द्रव पांढऱ्या कापडातून गाळले आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत थांबला नाही. नळ्या त्याने तिकडच्या मापाने दहा नंबरच्या, म्हणजे सुमारे पाऊण इंचाला थोड्या कमी, घेतल्या. काटकोन टाळून लांब वळणे दिली आणि पत्र्याला घासतील तिथे रबराचे वेष्टण घातले. तेल भरल्यावर प्लग काढून, इंजिन न पेटवता स्टार्टरने फिरवले, दाब आल्याचे गेजवर पाहिले आणि मगच सुरू केले. नळ्या आणि जाळी भरल्यामुळे तेलाची पातळी खाली जाते, ती पुन्हा तपासली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच चढावर तेल ९९ वर थांबले. गरम इंजिनाचा दाबही आधीपेक्षा चांगला राहिला. सकाळचा निळा धूर मात्र गेला नाही. तो जाणारही नव्हता. कडक झालेले रबर गार तेलाने पुन्हा मऊ होत नाही. त्यासाठी इंजिन कधीतरी उघडावे लागेलच. कूलरने एवढे केले की, तो दिवस पुढे ढकलला आणि नवे रबर बसेल तेव्हा ते टिकावे याची सोय केली.

आपल्यासाठी

आमगावात आरएक्स-७ नाही आणि येईल असेही नाही. पण ट्रॅक्टर आहेत, भाताच्या हंगामात रात्रंदिवस चालणारे हार्वेस्टर आहेत, राईस मिलची इंजिने आहेत. बहुतेकांबरोबर येणारे तापमानाचे आणि तेलाचे तक्ते कुठेतरी सौम्य हवेत तयार झालेले असतात. त्यातल्या ७० अंशांच्या फरकाचे आपल्याकडे मे महिन्यात ५० होतात, हे तक्त्यात लिहिलेले नसते. ते आपणच लिहून ठेवायला हवे.

मी गेल्या दोन उन्हाळ्यांपासून गावातल्या चार इंजिनांची नोंदवही ठेवतो आहे. तारीख, वेळ, सावलीतले तापमान, तेलाचे तापमान, दाब, काम कोणते चालू होते. चारही मिस्त्री आता आपणहून आकडे सांगतात. त्यातल्या एकाने यंदा जाळीपुढे साचलेला कोंडा स्वतःच झाडला आणि झाडण्याआधीचे व नंतरचे असे दोन्ही आकडे मला आणून दिले. अशी वही कोणत्याही गावात, वीस रुपयांत सुरू करता येते.